बिनकडियाळ्याचा लगाम

बिनकडियाळ्याचा लगाम म्हणजे घोड्याच्या तोंडात कोणताही दांडा न घालता त्याला वेगाच्या व दिशेच्या सूचना देण्यासाठी वापरला जाणारा डोक्यावरील साज होय. इंग्रजीत त्याला बिटलेस ब्रायडल म्हणतात. नेहमीच्या लगामात जिभेवर आणि हिरड्यांवर टेकणारे धातूचे कडियाळे असते व स्वाराच्या हातातील वाद्या त्याला जोडलेल्या असतात. बिनकडियाळ्याच्या लगामात हा दाब नाक, गाल, हनुवटी किंवा कानांमागील भाग यांवर पडतो. तोंडाला इजा झालेल्या, कडियाळे स्वीकारत नसलेल्या, तसेच भीतीमुळे उधळणाऱ्या किंवा बिचकणाऱ्या घोड्यांना पुन्हा शिकवताना हा लगाम अनेकदा वापरला जातो. घोड्याची भीती मात्र केवळ साज बदलल्याने जात नाही. कडियाळे काढल्याने वेदनेचे एक संभाव्य कारण दूर होते. शांतपणे थांबणे, वळणे आणि अनोळखी वस्तूला सामोरे जाणे घोड्याला क्रमाक्रमाने शिकवावेच लागते.

संज्ञा

मराठीत लगाम हा शब्द कधी संपूर्ण साजासाठी, कधी केवळ वाद्यांसाठी, तर कधी तोंडातील लोखंडासाठी वापरला जातो. या लेखात लगाम म्हणजे संपूर्ण साज, कडियाळे म्हणजे तोंडातील दांडा आणि वाद्या म्हणजे स्वाराच्या हातातील पट्टे असा अर्थ घेतला आहे. जनावर बांधण्यासाठी किंवा चालवत नेण्यासाठी डोक्यात घातल्या जाणाऱ्या म्होरकीतही कडियाळे नसते. बिनकडियाळ्याच्या लगामाची रचना म्होरकीशी मिळतीजुळती असली, तरी पाठीवर बसून नेमकी सूचना देता यावी यासाठी त्याचा नाकपट्टा अधिक घट्ट बांधणीचा असतो आणि वाद्यांच्या जोडण्या ठरावीक जागी असतात. लगाम घालणे या वाक्प्रचाराला मराठीत आवर घालणे असा अर्थ आला आहे. लगाम हे प्रामुख्याने बळाने रोखण्याचे साधन आहे ही समजूत त्यातून दिसते. आधुनिक अश्वप्रशिक्षणात मात्र लगामाकडे सूचना पोहोचवण्याचे साधन म्हणून पाहिले जाते.

शरीररचना

घोड्याच्या पुढील दातांमध्ये व दाढांमध्ये दंतविरहित जागा असते. कडियाळे याच जागेत बसते. खालच्या जबड्याच्या या भागात हाडावर मांसल आवरण जवळजवळ नसते. हाडाची कड अरुंद असून तिच्यावर केवळ पातळ श्लेष्मल त्वचा असते. मिटलेल्या तोंडाची बहुतेक पोकळी जिभेने व्यापलेली असते. त्यामुळे वाद्या जोरात ओढल्यास जीभ, हिरड्या आणि ओठांचे कोपरे यांवर एकाच वेळी दाब येतो. काही घोड्यांना पहिल्या दाढेपुढे लहान अवशिष्ट दात असतो. तो कडियाळ्याला लागल्यास घोडा डोके झटकतो.

नाकही वेदनेपासून मुक्त नाही. नाकाच्या हाडांची खालची टोके पातळ व आधाराविना असतात आणि त्यांच्या पुढे केवळ कूर्चा व मऊ ऊती असतात. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना हाडातील छिद्रातून संवेदी चेता बाहेर येते. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, त्यामुळे फार खाली बसलेला किंवा फार घट्ट आवळलेला नाकपट्टा श्वसनाला अडथळा ठरू शकतो.

इतिहास

कडियाळ्याविना घोडेस्वारी प्राचीन काळापासून ज्ञात आहे. उत्तर आफ्रिकेतील नुमिदियन घोडेस्वार लगामाशिवाय, मानेभोवतीचा दोर आणि हातातील काठी यांच्या साहाय्याने घोडे हाकत असल्याची वर्णने प्राचीन लेखकांनी केली आहेत. दुसऱ्या प्युनिक युद्धात (इ.स.पू. २१८ ते २०१) हे स्वार त्यांच्या चपळाईसाठी प्रसिद्ध होते. रोममधील ट्राजनच्या स्तंभावरही लगामाशिवाय दौडणारे मूर घोडेस्वार कोरलेले आहेत.

इ.स.पू. चौथ्या शतकातील ग्रीक लेखक झेनोफोन याने अश्वविद्येवरील आपल्या ग्रंथात बुजणाऱ्या घोड्याचा स्वतंत्र विचार केला आहे. भीतीदायक वस्तूजवळ घोड्याला मारून नेल्यास त्याची भीती वाढते, कारण होणारी वेदना त्या वस्तूमुळेच होत आहे असे त्याला वाटते, असे त्याचे प्रतिपादन होते. झेनोफोन स्वतः कडियाळे वापरण्याच्या बाजूचा होता. त्याचा हा विचार आजच्या वर्तनशास्त्रीय समजुतीशी मात्र बराच जुळतो.

स्पॅनिश लोकांनी अमेरिका खंडात नेलेल्या अश्वपरंपरेतून मेक्सिको व कॅलिफोर्निया येथे हॅकामोर हा प्रकार विकसित झाला. हॅकामोर हे नाव स्पॅनिशमधील हाकिमा या शब्दापासून आले असून त्या शब्दाचे मूळ अरबी आहे. कॅलिफोर्नियातील गुराखी तरुण घोड्याला प्रथम हॅकामोरवर, नंतर हॅकामोर व कडियाळे अशा दुहेरी वाद्यांवर आणि शेवटी केवळ कडियाळ्यावर शिकवत. या पद्धतीत घोड्याचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत त्याच्या तोंडावर ताण येऊ न देण्याला महत्त्व होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस टफ्ट्स विद्यापीठातील पशुवैद्यक प्राध्यापक रॉबर्ट कुक यांनी कडियाळ्याचे दुष्परिणाम मांडून फुलीच्या पट्ट्यांच्या लगामाचा प्रसार केला.

प्रकार

बिनकडियाळ्याचे सर्व लगाम सारखेच सौम्य नसतात. त्यांचे मुख्य प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

बाजूच्या ओढीचा लगाम: यात वाद्या नाकपट्ट्याच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांना थेट जोडलेल्या असतात. डावी वादी ओढल्यास नाक डावीकडे येते. सूचना सरळ व सहज समजणारी असल्याने नवशिक्या स्वारासाठी आणि पुनर्प्रशिक्षणाच्या आरंभासाठी हा प्रकार सोयीचा मानला जातो.

फुलीच्या पट्ट्यांचा लगाम: यात वाद्यांना जोडलेले पट्टे जबड्याखाली एकमेकांना छेदून विरुद्ध गालावरून कानांमागे जातात. एक वादी ओढली असता विरुद्ध बाजूच्या गालावर दाब येतो आणि घोडा त्यापासून दूर वळतो. वादी सोडल्यावर पट्टे लगेच सैल न झाल्यास सूचना अस्पष्ट होते, हा या रचनेतील दोष आहे.

हॅकामोर किंवा बोसाल: कच्च्या चामड्याच्या वेणीचा नाकपट्टा आणि जबड्याखालची जड गाठ हे त्याचे मुख्य भाग होत. दोराची वादी या गाठीला जोडतात. सतत ओढ न ठेवता क्षणभराची सूचना देऊन लगेच सोडणे ही त्याची पद्धत आहे.

यांत्रिक हॅकामोर: यात नाकपट्ट्याच्या दोन्ही बाजूंना धातूच्या दांड्या आणि हनुवटीखाली साखळी किंवा पट्टा असतो. तरफेच्या तत्त्वामुळे हातातील ओढ कित्येक पटींनी वाढून नाक, हनुवटी व कानांमागील भाग यांवर पडते. थांबवण्यासाठी तो प्रभावी असला तरी वळवण्यासाठी अस्पष्ट आहे. अननुभवी हातांत बुजऱ्या घोड्यासाठी तो योग्य ठरत नाही.

बुजऱ्या घोड्याचे वर्तन

घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने त्याला सभोवतालचा बहुतेक परिसर दिसतो. मात्र कपाळासमोरचा अगदी जवळचा भाग आणि शेपटीमागचा भाग दिसत नाही. कोपऱ्यातून अचानक आलेली हालचाल, फडफडणारे प्लास्टिक, छत्री किंवा कालपर्यंत नसलेली वस्तू ही बुजण्याची नेहमीची कारणे आहेत.

ताठ मान, वर उचललेले डोके, रोखलेले कान, डोळ्यांतील दिसणारा पांढरा भाग, फुगलेल्या नाकपुड्या, घट्ट मिटलेले ओठ आणि वारंवार लीद टाकणे ही भीतीची लक्षणे होत. विश्रांतीच्या वेळी प्रौढ घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण २८ ते ४४ असतात. भीतीमुळे ते काही क्षणांत कित्येक पट वाढतात. डोके झटकणे, तोंड उघडणे, जीभ बाहेर काढणे व शेपटी फटकारणे ही लक्षणे वेदनेचीही असू शकतात.

भीती व वेदना यांचे चक्र स्वारीत सहज सुरू होते. घोडा बिचकला की स्वार घाबरून वाद्या आवळतो. आवळलेल्या वाद्यांमुळे वेदना होते आणि घोडा वेदनेपासून दूर पळू पाहतो. तो पळू लागला की स्वार आणखी जोर लावतो. काही वेळा असे घडल्यानंतर वादी ताणली जाणे हीच घोड्यासाठी धोक्याची खूण बनते. कडियाळे काढल्याने या चक्रातील तोंडाच्या वेदनेचा दुवा तुटतो; स्वाराचा घट्ट हात मात्र तसाच राहिल्यास तेच चक्र नाकावर सुरू होते.

पुनर्प्रशिक्षण

पूर्वतपासणी. अचानक बुजरा झालेला घोडा प्रथम पशुवैद्यकाकडून तपासून घेणे आवश्यक असते. दातांच्या धारदार कडा, पाठदुखी, न बसणारे खोगीर, खुरांचे विकार, जठरातील व्रण आणि दृष्टिदोष यांमुळे भित्रेपणासारखे वर्तन दिसू शकते. दिवसभर एकट्याने तबेल्यात बांधलेल्या, कमी चारा व जास्त दाणा मिळणाऱ्या घोड्याचा ताण प्रशिक्षणाने कमी होत नाही. त्याला मोकळे फिरणे, पुरेसा चारा आणि इतर घोड्यांची सोबत मिळणे हा उपचाराचाच भाग आहे.

लगाम बसवणे. नाकपट्टा गालाच्या उभट हाडाच्या टोकापासून साधारण दोन बोटे खाली, म्हणजे नाकाच्या हाडाच्या भक्कम भागावर बसावा लागतो. नाकावर पट्ट्याखाली दोन बोटे सहज जावीत इतका तो सैल असावा, पण वादी ओढल्यावर फिरून डोळ्यात जाईल इतका नसावा. लगाम काढल्यावर केस झिजणे, सूज किंवा स्पर्श नकोसा होणे अशी चिन्हे पाहिली जातात.

जमिनीवरील काम. पाठीवर बसण्यापूर्वी घोड्याला नव्या लगामाची भाषा जमिनीवरून शिकवली जाते. चालणे, थांबणे, दोन पावले मागे जाणे, डावी-उजवीकडे मान वळवणे, मागचा भाग बाजूला नेणे आणि डोके खाली आणणे हे मूलभूत धडे होत. प्रत्येक धड्यात प्रथम हलका दाब दिला जातो व अपेक्षित प्रतिसादाचा आरंभ होताच तो सोडला जातो. घोडा दाबामुळे नव्हे, तर दाब सुटण्याच्या क्षणामुळे शिकतो. सुटका उशिरा झाल्यास त्या वेळी जे वर्तन चालू असेल तेच पक्के होते. घोडा डोके झटकत असताना वादी सैल केल्यास तो डोके झटकायला शिकतो. योग्य प्रतिसादानंतर खांद्याच्या उंचवट्याजवळ खाजवणे हे थोपटण्यापेक्षा उपयुक्त मानले जाते. घोडे एकमेकांना याच जागी खाजवतात आणि त्यामुळे त्यांची हृदयगती उतरल्याचे आढळले आहे.

स्वारीची सुरुवात. पहिली स्वारी कुंपण असलेल्या रिंगणात, जाणत्या माणसाच्या उपस्थितीत आणि शिरस्त्राण घालून केली जाते. सुरुवातीला उभ्या घोड्यावर बसून मान एका बाजूला वळवणे व सोडणे एवढेच केले जाते. नंतर चालीवर थांबणे व वळणे पक्के होते आणि त्यानंतरच दुडकी चाल घेतली जाते. एका वादीने मान वळवून मागचे पाय बाजूला टाकायला लावणे, म्हणजे एका वादीने थांबवणे, हा आणीबाणीचा धडा याच टप्प्यावर शिकवला जातो. तो संथ चालीवर शेकडो वेळा झालेला असेल तरच उपयोगी पडतो. भरधाव घोड्याची मान एकाएकी वळवल्यास घोडा तोल जाऊन पडू शकतो. स्वाराने श्वास संथ ठेवणे, बैठक सैल ठेवणे आणि थांबण्यासाठी आधी शरीराने व नंतर वादीने सूचना देणे या सवयीही याच वेळी लावल्या जातात.

भीतीच्या वस्तूंची सवय. वर्तनशास्त्रात या पद्धतीला क्रमिक असंवेदनीकरण म्हणतात. घोडा वस्तूकडे पाहतो पण शांत राहू शकतो एवढ्या अंतरापासून सुरुवात होते. तो मान खाली आणेपर्यंत थांबून त्याला तिथून दूर नेले जाते व पुढच्या वेळी अंतर थोडे कमी केले जाते. त्याच वेळी चारा किंवा खाजवणे मिळाल्यास वस्तूशी सुखद अनुभव जोडला जातो. हलणाऱ्या वस्तूच्या बाबतीत घोड्याला तिच्या मागून चालवणे अधिक परिणामकारक ठरते, कारण वस्तू त्याच्यापासून दूर जात असते. याउलट, घोड्याला बांधून ठेवून तो धडपड थांबवेपर्यंत भीतीच्या वस्तूचा मारा करणे धोकादायक आहे. अशा वेळी दिसणारी शांतता पुष्कळदा स्वीकाराची नसून हताशपणाची असते.

रिंगणाबाहेर. बाहेरची पहिली फेरी शांत, वयस्क घोड्याच्या सोबतीने आणि ओळखीच्या रस्त्याने केली जाते. लहान लहान भीती एकत्र साचत जातात. वाऱ्याचा दिवस, नवी जागा व सोबती दूर जाणे या तिन्ही गोष्टी एकदम घडल्यास एरवी सहज सोसणारा घोडाही उधळू शकतो. म्हणून एका वेळी एकच अडचण वाढवली जाते. घोडा बिघडल्यास मागील टप्प्यावर परतणे हे अपयश मानले जात नाही. जुन्या भीतीच्या आठवणी पुसल्या जात नाहीत, त्यांच्यावर नव्या सवयी बसतात. त्यामुळे सुधारलेला घोडाही तीव्र प्रसंगी जुन्या वर्तनाकडे वळू शकतो.

संशोधन

फिनलंडमध्ये शर्यतीनंतर तपासलेल्या २६१ ट्रॉटर घोड्यांपैकी ८४ टक्के घोड्यांच्या तोंडात, कडियाळे टेकते त्या भागात ताज्या जखमा आढळल्या. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तो शर्यतीच्या घोड्यांपुरता असल्याने त्याचे निष्कर्ष सर्व घोड्यांना जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

प्राथमिक शिक्षण घेणाऱ्या घोड्यांवरील २००९ च्या एका अभ्यासात कडियाळे घातलेल्या घोड्यांमध्ये चावत राहणे, तोंड उघडणे, पाय आपटणे व शेपटी फटकारणे हे वर्तन अधिक दिसले; बिनकडियाळ्याचे घोडे शिकण्यात मागे पडले नाहीत. त्याच वर्षी कुक व मिल्स यांनी चार घोड्यांना एकच चाचणी दोन्ही प्रकारच्या लगामांत करायला लावली. सरासरी गुण कडियाळ्यासह ३७ टक्के आणि त्याशिवाय ६४ टक्के होते. कुक व किब्लर यांच्या २०१९ च्या लेखात ६६ घोड्यांच्या मालकांनी नोंदवलेली वेदनेची लक्षणे कडियाळे काढल्यावर ८७ टक्क्यांनी घटल्याचे म्हटले आहे. यांपैकी पहिल्या अभ्यासात घोड्यांची संख्या फारच अल्प होती, तर दुसरा मालकांच्या स्वतःच्या निरीक्षणांवर आधारित होता. कुक हे स्वतः अशा लगामाचे प्रसारक होते. म्हणून हे निष्कर्ष दिशादर्शक मानले जात असले तरी निर्णायक मानले जात नाहीत.

मर्यादा व टीका

बिनकडियाळ्याच्या लगामावर उधळलेला घोडा थांबणार नाही, हा त्याच्यावरील सर्वांत जुना आक्षेप आहे. पुरस्कर्त्यांच्या मते ४०० ते ५०० किलो वजनाचा घाबरलेला घोडा कोणत्याही कडियाळ्याने बळाने थांबवता येत नाही. तो शिकलेल्या प्रतिसादामुळे थांबतो. हे तत्त्वतः खरे असले, तरी ज्या घोड्याचे थांबण्याचे शिक्षण केवळ कडियाळ्यावर झाले आहे त्याला एकाएकी नव्या लगामात मोकळ्या रस्त्यावर नेणे धोक्याचे असते. काही प्रशिक्षक संक्रमणकाळात दोन्ही लगाम एकत्र घालून बिनकडियाळ्याची वादी मुख्य ठेवतात व कडियाळ्याची वादी सैल ठेवतात.

दुसरा आक्षेप असा की, या लगामाच्या नावामुळेच स्वाराला आपण दयाळू आहोत असे वाटू लागते आणि हाताचे दोष झाकले जातात. मृदू हातातील साधे कडियाळे हे कठोर हातातील यांत्रिक हॅकामोरपेक्षा सौम्य असू शकते.

स्पर्धांचे नियम

आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या नियमांनुसार अडथळा उड्यांच्या आणि दीर्घ पल्ल्याच्या सहनशक्ती स्पर्धांत बिनकडियाळ्याचे लगाम चालतात. ड्रेसाज प्रकारात मात्र कडियाळे अनिवार्य आहे. अमेरिकी क्वार्टर हॉर्स जातीच्या वेस्टर्न स्पर्धांत पाच वर्षांपर्यंतच्या घोड्यांना हॅकामोरवर उतरवता येते. लगामाविना नियंत्रणाचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे २००६ मध्ये स्टेसी वेस्टफॉल यांनी अमेरिकेत खोगीर व लगाम या दोन्हींशिवाय केलेले विजयी रेनिंग प्रदर्शन.

भारतातील संदर्भ

भारतात टांग्यांचे आणि वरातीचे घोडे हाकण्यासाठी काटेरी कडियाळ्यांचा वापर होत आला आहे. त्यांचे काटे ओठ व जिभेत रुतून जखमा होतात. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० अंतर्गत केलेल्या १९६५ च्या ओढकाम व ओझ्याच्या जनावरांविषयीच्या नियमांनी काटेरी कडियाळ्यांच्या वापरास मनाई केली आहे. तरीही ती अनेक ठिकाणी आढळतात व प्राणिकल्याण संस्था त्यांविरुद्ध मोहिमा राबवतात.

महाराष्ट्रात माथेरान व महाबळेश्वर येथे पर्यटकांना घेऊन जाणारे घोडे, वरातीचे घोडे आणि नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत विक्रीस येणारे घोडे हे सर्व गर्दी व गोंगाटात काम करतात. वरातीतील फटाके, बँड आणि डोळ्यांसमोरील दिवे ही बुजण्याची तीव्र कारणे आहेत. अशा वेळी घोडा आवरण्यासाठी बोचरे कडियाळे निवडले जाण्याचा संभव असतो; वर्तनशास्त्राच्या दृष्टीने त्यामुळे आवाजाच्या भीतीत वेदनेची भर पडते. गर्दीत नेण्यापूर्वी आवाजाची क्रमाने करून दिलेली सवय हीच घोडा, स्वार आणि आजूबाजूचे लोक या तिघांच्या सुरक्षिततेची अधिक भरवशाची वाट ठरते.